जमिनीखालील केबल आणि नळांसाठी डक्ट: आखणीपासून नोंदीपर्यंत

जमिनीत पुरलेल्या केबलला किंवा नळाला धोका अनेक बाजूंनी असतो. भराईतील टोकदार दगड आवरणात रुततो, वरून जाणाऱ्या वाहनांचा भार एका जागी एकवटतो, माती असमान खचते आणि पुढे कधीतरी कोणीतरी त्याच जागी पुन्हा खोदकाम करतो. डक्ट, म्हणजे केबल किंवा नळ ज्यातून न्यायचा ती बाहेरची पोकळ नळी, यांपैकी पहिल्या तीन धोक्यांपासून चांगले संरक्षण देते. चौथ्यापासून मात्र ती फारसे वाचवत नाही, कारण खोदयंत्राच्या दातापुढे प्लास्टिकची नळी टिकत नाही. तिथे खोली, इशारा पट्टी आणि अचूक नकाशा हेच उपयोगी पडतात. डक्टचा खरा मोठा फायदा वेगळाच आहे. केबल निकामी झाली किंवा जास्त क्षमतेची टाकावी लागली, तर जमीन न फोडता जुनी काढून नवी ओढता येते. हा फायदा मिळेल की नाही, हे मात्र चर बुजवण्यापूर्वीच्या कामावर ठरते. म्हणून या लेखात केबल ओढण्यापेक्षा त्याआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

कशाला कोणती डक्ट

सुरुवातीला कागदावर यादी करावी: वीज, दूरसंचार, पाणी, वायू यांपैकी काय काय न्यायचे आहे आणि पुढील काही वर्षांत काय वाढू शकते. वीज आणि दूरसंचार यांच्या केबल एकाच डक्टमध्ये टाकू नयेत. विजेच्या केबलमध्ये दोष निर्माण झाला तर धोकादायक विद्युतदाब दूरसंचाराच्या तारांवर येऊ शकतो, शिवाय तांब्याच्या संदेशवाहक तारांमध्ये व्यत्यय येतो. वेगवेगळ्या सेवांमध्ये साधारण ३०० मि.मी. अंतर ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, परंतु नेमका आकडा स्थानिक नियमांतून आणि संबंधित सेवा देणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावा.

पाण्याच्या नळाला संपूर्ण लांबीत डक्टची गरज सहसा नसते. रस्ता ओलांडताना, पायाच्या भिंतीतून किंवा काँक्रीटच्या फरशीखालून जाताना मात्र त्याला स्लीव्ह, म्हणजे तेवढ्या भागापुरती बाहेरची नळी, अवश्य द्यावी, म्हणजे इमारत थोडी खचली तरी नळावर ताण येत नाही आणि नळ बदलायचा झाल्यास फरशी फोडावी लागत नाही. वायूच्या नळाबाबत विशेष दक्षता हवी. दोन्ही टोके बंद असलेल्या स्लीव्हमध्ये गळलेला वायू साठून राहतो, म्हणून अशा स्लीव्हचे एक टोक सुरक्षित मोकळ्या हवेत उघडे ठेवण्याची तरतूद करतात आणि इमारतीकडील टोक वायुरोधक पद्धतीने बंद करतात. हे काम परवानाधारक व्यक्तीकडेच सोपवावे.

आज सर्वांत जास्त वापरली जाते ती एचडीपीई या चिवट प्लास्टिकची दुहेरी भिंतीची डक्ट. तिची बाहेरची भिंत नालीदार असल्यामुळे वजन कमी राहूनही दाब सहन करण्याची शक्ती मिळते आणि आतली भिंत गुळगुळीत असल्यामुळे केबल सहज सरकते. एकाच भिंतीची, आतूनही नालीदार असलेली नळी लांब अंतरासाठी घेऊ नये, कारण केबलचे टोक प्रत्येक वळीत अडखळते. सरळ लांबीसाठी कडक पीव्हीसी चालते. ऑप्टिकल फायबरसाठी आतून कायमस्वरूपी वंगणयुक्त थर असलेली लहान व्यासाची एचडीपीई नळी मिळते, जिच्यातून केबल हवेच्या झोताने लांबवर ढकलता येते.

जमिनीखालील डक्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६१३८६ च्या २४ व्या भागात, दाबशक्तीनुसार २५०, ४५० आणि ७५० असे वर्ग आहेत. ठरावीक लांबीच्या नमुन्याचा व्यास ५ टक्के दबण्यासाठी किमान किती न्यूटन बल लागले पाहिजे, हे त्या आकड्यांवरून कळते. नळी उघड्या जमिनीत पुरायची असेल तर ४५० किंवा त्यावरचा वर्ग घेणे मी योग्य मानतो. २५० चा वर्ग काँक्रीटच्या आवरणात किंवा अगदी हलक्या भाराच्या जागी ठीक आहे. सांडपाण्याचा उरलेला पाइप विजेच्या केबलसाठी वापरणे टाळावे. त्याची ताकद कदाचित पुरेशी असेल, पण पुढे खोदणाऱ्याला तो पाइप पाहून आत वीज आहे अशी शंकाही येणार नाही, आणि हीच बाब जिवावर बेतू शकते.

एक सूचना विजेचे काम करणाऱ्यांना ठाऊक असते, पण खोदकाम करणाऱ्यांना बहुधा नसते. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची एकेरी गाभ्याची, म्हणजे आत एकच वाहक असलेली, केबल एकटी लोखंडी पाइपमधून कधीही नेऊ नये. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पाइप तापतो आणि त्याबरोबर केबलही. एका मंडलाच्या (सर्किटच्या) सर्व फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी पाइपमधून एकत्र न्याव्यात, अथवा पाइप चुंबकीय नसलेल्या पदार्थाचा घ्यावा.

व्यास किती असावा

एका डक्टमध्ये एकच केबल असेल तर डक्टचा आतला व्यास केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान दीडपट ठेवावा. लांबी जास्त किंवा वळणे अधिक असतील तर दुप्पट ठेवलेला बरा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने अमेरिकेच्या विद्युत संहितेतील मर्यादा सोयीच्या आहेत: एका केबलने आतल्या क्षेत्रफळाच्या ५३ टक्के, दोन केबलनी मिळून ३१ टक्के आणि तीन किंवा अधिक केबलनी ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा व्यापू नये.

तथापि तीन सारख्या केबल ओढताना केवळ टक्केवारी पाहून भागत नाही. डक्टचा आतला व्यास एका केबलच्या व्यासाच्या साधारण २.८ ते ३.२ पट असेल, तर वळणावर तिन्ही केबल एका रेषेत येऊन पाचरीप्रमाणे अडकण्याची शक्यता असते. १०० मि.मी. आतल्या व्यासात ३३ मि.मी. च्या तीन केबल जेमतेम ३३ टक्के जागा घेतात, म्हणजे ४० टक्क्यांच्या मर्यादेत सहज बसतात, आणि तरीही गुणोत्तर ३.०३ येत असल्याने नेमक्या अडकण्याच्या पट्ट्यात सापडतात. असे गुणोत्तर आले की डक्टचा आकार बदलावा.

व्यास ठरवताना उष्णतेचाही विचार करावा. थेट मातीत पुरलेल्या केबलची उष्णता मातीत निघून जाते, तर डक्टमधील हवेचा थर तिला अडवतो, त्यामुळे त्याच केबलची प्रवाह वाहण्याची क्षमता डक्टमध्ये कमी धरावी लागते. पीव्हीसी आवरणाच्या वाहकाला सतत ७० अंश सेल्सिअस आणि एक्सएलपीई या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाच्या वाहकाला ९० अंश एवढेच तापमान सोसते. एकमेकांशेजारी अनेक भारित डक्ट असतील तर ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. उत्पादकाच्या तक्त्यातील डक्टसाठीचा आकडा घ्यावा, मातीत थेट पुरण्याचा नव्हे. डक्टचा गट असेल तर जास्त भाराच्या केबल बाहेरच्या ओळीत आणि मोकळ्या डक्ट आत ठेवाव्यात.

लागतील त्यापेक्षा किमान एक डक्ट जास्त टाकावी. खोदकाम आणि भराईच्या तुलनेत एका जादा नळीचा खर्च अगदी थोडा असतो.

मार्ग, वळणे आणि चेंबर

मार्ग शक्य तितका सरळ असावा, हे सर्वजण सांगतात. पण वळण नेमके किती महाग पडते हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. वळणावर केबलचा ताण काही किलोंनी वाढत नाही, तो काही पटींनी वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर ९० अंशांच्या एका वळणाने ताण सुमारे १.६ पट होतो, दोन वळणांनी सुमारे २.६ पट आणि चार वळणांनी तब्बल ६.६ पट. म्हणूनच दोन ओढजागांमध्ये, म्हणजे केबल जिथून घालतात किंवा ओढतात त्या दोन जागांमध्ये, सर्व वळणांची बेरीज ३६० अंशांपेक्षा जास्त होऊ देत नाहीत. प्रत्यक्षात ती १८० अंशांच्या आत राखता आली तर पुढे पुष्कळ त्रास वाचतो.

वळण कोठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. प्रति मीटर ५ किलो वजनाची केबल १०० मीटर सरळ डक्टमधून न्यायची आहे, घर्षणाचा गुणांक ०.३ आहे आणि ड्रमवरून सुटतानाच तिच्यावर २० किलो ताण आहे असे समजू. सरळ भागात १५० किलो ताण वाढतो. वळण ड्रमच्या बाजूला असेल तर २० चे ३२ होतात आणि शेवटी १८२ किलो भरतात. तेच वळण ओढण्याच्या टोकाला असेल तर १७० च्या १.६ पट, म्हणजे २७२ किलो होतात. नळी तीच, केबलही तीच. फक्त ओढण्याची दिशा उलटी. त्यामुळे केबल कोणत्या टोकाने घालायची हे आखणीच्या वेळीच ठरवावे आणि ड्रम ठेवायला तिथे जागा राखावी.

जागेवर गरम करून वाकवलेली नळी आतून चपटी होते, म्हणून कारखान्यात बनलेले मोठ्या त्रिज्येचे बेंडच घ्यावेत. पाण्याच्या नळाचे काटकोनी एल्बो वापरू नयेत. केबलची किमान वळणत्रिज्या तिच्या प्रकारानुसार साधारणतः बाहेरच्या व्यासाच्या १२ ते १५ पट असते, आणि हाच आकडा चेंबरचे, म्हणजे केबल ओढण्यासाठी मार्गात बांधलेल्या झाकणाच्या खड्ड्याचे, माप ठरवतो. चेंबर दिशा बदलते तिथे, फाटा फुटतो तिथे आणि लांब सरळ मार्गात ओढण्याच्या क्षमतेनुसार बांधावा. त्याच्या तळाशी पाणी मुरण्यासाठी खडीचा खड्डा ठेवावा आणि डक्टच्या तोंडाला गोलाकार बेलमाउथ, म्हणजे केबल कडेला घासू नये म्हणून बाहेरच्या बाजूला रुंदावत जाणारे तोंड, बसवावा. झाकण भारानुसार घ्यावे: युरोपीय मानक ईएन १२४ प्रमाणे केवळ पादचाऱ्यांच्या जागी ए १५, मोटारी उभ्या राहतात तिथे बी १२५ आणि वाहत्या रस्त्यात डी ४००. यातील आकडे किलोन्यूटनमधील चाचणीभार दाखवतात.

खोदण्यापूर्वी जमिनीत काय आहे ते पाहणे

सर्व सेवा संस्थांकडून नकाशे मागवावेत, पण त्यांवर पूर्ण विसंबू नये. नकाशातील रेषा आणि प्रत्यक्ष केबल यांत अंतर असणे नित्याचेच आहे, आणि खोली तर अनेकदा नमूदच नसते. केबल शोधक यंत्राने मार्ग तपासून जमिनीवर रंगाने खुणा कराव्यात. हे यंत्र धातूवर आणि त्यातील विद्युत संकेतावर चालते, त्यामुळे प्लास्टिकचा पाण्याचा किंवा वायूचा नळ त्याला सापडत नाही. त्यासाठी भूवेधी रडार लागते, आणि ओल्या चिकणमातीत त्याचीही नजर फार खोल जात नाही. अखेरीस खात्री देतो तो हाताने खणलेला चाचणी खड्डा. खूण केलेल्या सेवेच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर अंतरात यंत्र न लावता, पहार न मारता, फावड्याने हळूहळू खणावे. सापडलेली प्रत्येक केबल, ती कितीही जुनी आणि निकामी दिसली तरी, चालू आहे असेच समजावे.

चर खोदणे

खोली स्थानिक नियमांनुसार ठेवावी. कमी दाबाच्या विजेसाठी पदपथाखाली सुमारे ४५० ते ६०० मि.मी. आणि वाहनमार्गाखाली ६०० ते ७५० मि.मी. आच्छादन सामान्यपणे आढळते. उच्च दाबासाठी ते वाढते. पाण्याच्या नळाबाबत, जिथे जमीन गोठते तिथे, गोठणाऱ्या थराच्या खाली जावेच लागते. आच्छादन डक्टच्या वरच्या कडेपासून मोजावे आणि तळाच्या थराची जाडी वेगळी धरावी.

चराची रुंदी अशी हवी की डक्टच्या दोन्ही बाजूंना हात आणि लहान धुमस जाईल एवढी जागा उरेल. फार अरुंद चरात बाजूची भराई दाबताच येत नाही.

येथे सुरक्षेबाबत ठामपणे सांगणे आवश्यक आहे. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते, आणि कोसळलेल्या चरात छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. सव्वा ते दीड मीटरपेक्षा खोल चराला आधारफळ्या द्याव्यात किंवा बाजू उतरत्या कापाव्यात. भुसभुशीत अथवा ओल्या मातीत त्याहून कमी खोलीतही हीच काळजी घ्यावी. काढलेली माती कडेपासून किमान ६०० मि.मी. दूर टाकावी. चरात एकट्याने उतरू नये आणि बाहेर पडण्यासाठी शिडी जवळ असावी.

तळ, मांडणी आणि सांधे

तळातील दगड, मुळे आणि ढेकळे काढून सूतदोरीने पातळी तपासावी. त्यावर ७५ ते १०० मि.मी. वाळूचा किंवा बारीक कचीचा थर पसरून दाबावा. विटांच्या तुकड्यांवर डक्ट टेकवून खालची पोकळी नंतर भरू असे म्हणू नये. नळी त्या तुकड्यांवरच वाकते आणि मधे लचक येऊन पाणी साचते. दोन चेंबरमध्ये उतार एका दिशेला, किंवा मध्यावरून दोन्ही दिशांना, शंभर मीटरमागे किमान तीस सेंटिमीटर द्यावा. एवढे करूनही डक्टमध्ये कधी ना कधी पाणी येणार हे गृहीत धरावे आणि ओलाव्यात टिकणारीच केबल निवडावी.

नळी कापताना काप काटकोनात घ्यावा आणि आतील कडेवरचे कंगोरे पूर्ण घासून काढावेत, कारण हेच कंगोरे केबलचे आवरण सोलतात. सांध्यात किती लांबी जायला हवी तिथे खूण करून, रबरी रिंग स्वच्छ करून, वंगण लावून खुणेपर्यंत ढकलावे. एचडीपीई उन्हात बरीच लांबते: ३० अंशांच्या फरकाने दहा मीटर नळीत चार ते सहा सेंटिमीटर फरक पडतो. म्हणून भर उन्हात तापलेली नळी लगेच चेंबरच्या भिंतीत पक्की करू नये. चरात थंड झाल्यावर टोके कापावीत. काम थांबवताना उघडे टोक टोपणाने बंद करावे, कारण एकदा आत गेलेली माती आणि खडे काढणे फार कठीण जाते.

एकापेक्षा जास्त डक्ट असतील तर स्पेसर लावून त्यांच्यात किमान ५० मि.मी. अंतर राखावे. काँक्रीटचे आवरण द्यायचे असल्यास डक्ट खाली घट्ट बांधणे अनिवार्य आहे. ११० मि.मी. बाहेरील व्यासाची रिकामी नळी दर मीटरला साडेनऊ लिटर जागा व्यापते आणि ओल्या काँक्रीटमध्ये तिला सुमारे २३ किलोंचे उचलबल मिळते. सहा नळ्यांच्या गटाला मीटरमागे जवळपास १४० किलो. नळ्यांचे स्वतःचे वजन त्यापुढे नगण्य आहे. दीड-दोन मीटरवर बांधणी करून काँक्रीट थरांमध्ये आणि सावकाश ओतावे.

भराई आणि इशारा पट्टी

लवचीक डक्टची ताकद अर्धी तिच्या भिंतीत आणि अर्धी बाजूच्या मातीत असते. वरून भार आला की नळी आडवी फुगू पाहते, आणि बाजूची भराई घट्ट असेल तरच तो फुगवटा रोखला जातो. त्यामुळे प्रथम नळीच्या कुशीत, म्हणजे खालच्या गोलाईच्या दोन्ही बाजूंना, वाळू हाताने कोंबून भरावी. मग दोन्ही बाजू सारख्या चढवत नेऊन डक्टवर किमान १०० मि.मी. पर्यंत हीच वाळू घालावी. त्यावर चाळलेली माती १५० मि.मी. च्या थरांत दाबावी. डक्टवर ३०० मि.मी. आच्छादन होईपर्यंत यांत्रिक धुमस थेट वर चालवू नये.

डक्टच्या साधारण ३०० मि.मी. वर इशारा पट्टी अंथरावी, म्हणजे खोदणाऱ्याला डक्टपूर्वी ती दिसेल. पट्टीचे रंग देशागणिक बदलतात, त्यामुळे स्थानिक संकेतच पाळावा. प्लास्टिकच्या नळावर आणि फायबरच्या डक्टवर धातूची तार असलेली पट्टी घालावी. त्यामुळे अन्यथा अदृश्य असलेली ही सेवा पुढे शोधक यंत्राला सापडते.

तपासणी आणि केबल ओढणे

रस्ता किंवा फरशी पक्की करण्यापूर्वी प्रत्येक डक्टमधून, मोकळ्या डक्टसुद्धा न वगळता, आतल्या व्यासाच्या सुमारे ९० टक्के जाडीचा मँड्रेल, म्हणजे नळी मोकळी आहे का हे तपासणारा दंडगोल, ओढावा आणि त्यामागे ब्रश फिरवावा. मँड्रेल अडला तर तेवढी जागा आत्ता उघडणे सोपे असते. नंतर न कुजणारी नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनची दोरी आत ठेवून दोन्ही टोकांना बांधावी.

केबल ओढताना ताण मोजणारे साधन लावावे. वाहकालाच पकडून ओढल्यास तांब्यासाठी दर चौरस मि.मी. मागे ५० न्यूटन आणि ॲल्युमिनियमसाठी ३० न्यूटन ही सर्वमान्य मर्यादा आहे, ९५ चौ.मि.मी. च्या तीन गाभ्यांच्या ॲल्युमिनियम केबलला त्यानुसार ८,५५० न्यूटन, म्हणजे सुमारे ८७० किलो मिळतात. जाळीदार मोजा आवरणावर चढवून ओढायचे असेल तर मर्यादा बरीच खाली येते आणि ती उत्पादकाकडूनच घ्यावी. वंगण केबलच्या आवरणाला चालणारे असावे. साबण किंवा ग्रीस वापरू नये. ओढणे एकसंध गतीने व्हावे, कारण थांबलेली केबल पुन्हा हलवायला जास्त बल लागते. केबलबरोबरच नवी दोरीही आत ओढून ठेवावी.

टोके बंद करणे आणि नोंद

इमारतीत शिरणारे प्रत्येक टोक बंद करणे ही शोभेची बाब नाही. फुटलेल्या वायूच्या नळातून निघालेला वायू मातीतून डक्टमध्ये शिरून थेट तळघरापर्यंत पोहोचू शकतो. पाणी आणि उंदीर त्याच वाटेने येतात. दाबून फुगणारे रबरी सील किंवा पुन्हा काढता येणारी डक्ट पुट्टी वापरावी आणि मोकळ्या डक्टही टोपणाने बंद कराव्यात. सिमेंटने तोंड बुजवले तर पुढची केबल ओढताच येणार नाही.

नोंदीसाठी चर उघडा असतानाच, टेप शेजारी धरून, प्रत्येक वळणाचे, सांध्याचे आणि इतर सेवा जिथे ओलांडल्या त्या जागेचे छायाचित्र घ्यावे. मापे झाड किंवा कुंपण अशा बदलणाऱ्या वस्तूंपासून न घेता इमारतीच्या कोपऱ्यांपासून, दोन दिशांनी घ्यावीत. नकाशावर खोली, व्यास, वर्ग, कोणती डक्ट भरलेली व कोणती मोकळी, आणि केबल कोणत्या टोकाने घातली हे लिहावे. त्याची एक प्रत मालकाकडे द्यावी, आणि प्रत्येक चेंबरमध्ये डक्टच्या तोंडाशी नकाशातील तोच क्रमांक न पुसणाऱ्या पट्टीवर लावावा.